सुनंदाबाईंच्या चौकटीतली कणीक

कॅनडातल्या केंब्रिजच्या मराठी मंडळींत सुनंदाबाईंची ख्याती एकच: चूक त्यांच्या हातून होत नाही. लाडू बसले तर इथलं बेसन जाड, चकल्या मऊ पडल्या तर इथली हवा दमट. बिचारी हवा काय बोलणार?

यजमान गेल्यापासून बाई वर राहतात आणि बेसमेंट विद्यार्थ्यांना भाड्याने देतात. दसऱ्याला मात्र बेसमेंटच्या दारालाही तोरण. मुलगी ब्रॉसार्डहून दरवर्षी सांगते, आई, टेपने लाव. पण टेपवर लक्ष्मीचा विश्वास नसतो, असं बाईंचं मत. खिळाच हवा, तोही दरवर्षी नवा, आणि माळा बाजूंनी खाली सोडायच्या म्हणून पार कुलपापर्यंत खिळे.

जानेवारीत नंदन नावाचा भाडेकरू खोली सोडून गेला. वॉशरूम घासून दिली नाही म्हणून बाईंनी त्याचा प्रेशर कुकर अडकवून ठेवला आणि स्वतः मुलीकडे ब्रॉसार्डला निघून गेल्या. मी येईपर्यंत घरात पाय ठेवायचा नाही, असं फोनवर बजावलं. नंदन गेलाच. जवळ राहिलेल्या किल्लीने बेसमेंटचं दार उघडलं, कुकर घेतला आणि रागाच्या भरात बाईंचा मिक्सरही उचलला. भर दुपारी मिक्सर बगलेत मारून निघालेला माणूस शेजारणीने पाहिला आणि पोलिसांना फोन केला. पोलिसांना कुलपाजवळ चौकट उभी चिरलेली दिसली. बाईंनी ती न बघताच फोनवर सांगून टाकलं, त्यानेच तोडली असणार.

पुढचं मला नंदनच्या मावशीकडून कळलं. मी काही विचारलं नव्हतं, फक्त चहा ठेवला होता. मनाई असताना घरात शिरलो आणि मिक्सर नेला, हे नंदनने कोर्टात कबूल केलं. चौकट मात्र मी तोडली नाही, म्हणाला. सगळा प्रश्न तिथेच अडला. दार फोडून शिरला असेल तर शिक्षा जड, सरकारी वकील तुरुंगच मागत होते. किल्लीने शिरला असेल तर न्यायाधीश दोषी असा शिक्का न मारताही सोडू शकत होते. शिक्का बसला की पीआरचं, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचं, स्वप्न संपलं. त्याची वकील चैत्राली म्हणाली, शिक्षा वाढवणारी गोष्ट सरकारने निःसंशय सिद्ध करायला हवी, नुसता अंदाज चालत नाही.

म्हणून बाईंची साक्ष लागली. आम्ही मंडळातले तिघे मागच्या बाकावर होतो. आधार द्यायला, दुसरं काय.

चैत्रालीने पोलिसांचाच फोटो मोठा करून बाईंपुढे धरला. चिरेत काहीतरी पांढरं, वाळलेलं भरलेलं होतं आणि त्यावरून रंग फिरवलेला होता. तिने विचारलं, "त्या दिवसाआधी ही चौकट धड होती का?"

बाईंनी चष्मा पुसला. नंदन बुटांकडे बघत बसला होता.

"इथलं लाकूडच मऊ," बाई म्हणाल्या. झालं, मी मनात म्हटलं, आता लाकडावर गेल्या.

पण त्या थांबल्या. नंदनकडे एकदा बघितलं. "दसऱ्याला खिळा मारताना चिरली. आत भरलंय ती माझी कणीक आहे."

दुभाषा घुटमळला. न्यायाधीशांना वाटलं त्याचंच काहीतरी चुकलं. त्यांनी पुन्हा विचारायला लावलं.

"पोळ्यांची कणीक. घरात पुट्टी नव्हती," बाई म्हणाल्या. "ब्रॉसार्डहून आले तेव्हाच ओळखली होती मी. पण पोलिसांना सांगून बसले होते ना."

सरकारी वकिलांनी फोटोकडे पाहिलं आणि आणखी काही विचारलं नाही. फोडलेल्या दाराची गोष्ट न्यायाधीशांनी बाजूला ठेवली. नंदनला वर्षभराची देखरेख लागली, मिक्सर माफीपत्रासकट परत करायला लावला. शिक्का बसला नाही.

कॉरिडॉरमध्ये तो वाकून नमस्काराला आला. बाई म्हणाल्या, "वॉशरूम अजून तशीच आहे." शनिवारी तो ब्रश घेऊन हजर झाला.

यंदा दसऱ्याला बाईंच्या दारी तोरण टेपने लावलेलं होतं. मी नुसतं बघितलं.

"काय बघताय?" बाई म्हणाल्या. "मी पहिल्यापासून हेच सांगत होते."