जानरावांचा गुडघा

जानरावांचा गुडघा ठणठणीत होता. तरी वर्षभर ते लंगडत होते, आणि तेही बायकोच्या हुकमावरून.

पातूरकडच्या त्यांच्या गावात जानराव म्हणजे रोडग्यांचा माणूस. एरवी वांगी-मिरच्या लावणारा साधा माळी. पण कुणाचा नवस फिटला, मारुतीपुढे पंगत ठरली, की पहिला निरोप त्यांच्याकडे. कणकेचे थरावर थर देऊन बायका रोडग्यांचे गोळे वळत, वांग्याची भाजी कुणीही रटरटवी. गोवऱ्यांचा विस्तव मात्र जानरावांचा. ज्वाळा बसून निखारे कधी धरले ते तळहात वर धरून त्यांना कळे. मग त्या निखाऱ्यांत रोडगे पुरायचे आणि ते भाजेपर्यंत तिथून हलायचं नाही. अशा बसणाऱ्या माणसाची ‘सोय’ यजमानानं करायची, ही गावाची रीत. सोय म्हणजे पव्वा, पोत्याखाली झाकून ठेवलेला. मारुतीच्या कामाला बसवायचं आणि मारुतीच्या नजरेआड दारू पाजायची, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

वीस वर्षांत पव्व्याची बाटली झाली आणि ती पंगतीची वाट पाहीनाशी झाली. शेवटी शकुनबाईच्या नवसाला जानरावांनी ज्वाळा चालू असतानाच रोडगे आत टाकले आणि पोत्यावर आडवे झाले. वरून कोळसा, आतून कच्ची कणीक. दीडशे माणसं नुसतं वरण-भाजी खाऊन उठली. शकुनबाई रडली. तिच्या नवऱ्यानं, गोपालनं, जानरावांना नाही नाही त्या शिव्या घातल्या. शिव्या घालताना गोपालही सरळ उभा नव्हता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आठवड्याभरात मुलगी आचल गावी आली. ती अमरावतीला राजापेठेत ट्यूशन क्लासमध्ये गणित शिकवते, आणि उत्तर आल्याशिवाय कुणाला सोडत नाही. “बाबा, हा आजार आहे. त्याचे डॉक्टर आहेत. चला,” एवढंच म्हणाली. जानराव गेले. व्यसनमुक्ती केंद्रात पहिले आठ दिवस हात असे थरथरले की चहाचा कप नर्सबाईंना धरावा लागला. मग औषधं, मग समुपदेशन, मग दहा-बारा जणांत गोल बसून स्वतःबद्दल खरं बोलणं. दारू सोडण्यापेक्षा हे त्यांना जड गेलं. पण तीन महिन्यांनी एसटीतून उतरले तेव्हा अंगावर मांस होतं आणि नजर स्वच्छ होती.

स्टँडवर त्यांची बायको, गोदाबाई, उभ्या. पहिलं वाक्य: “लंगडत चाला.”

“काहून?”

“मी साऱ्याइले गुडघ्याचं ऑपरेशन सांगतलं. तिथचं खरं समजलं तं वेड्याइच्या दवाखान्यात होता म्हनतीन. मंग आचलले सोयरीक कोन आनन?”

गंमत पाहा. वीस वर्षं माणूस प्यायचा ते अख्ख्या गावानं पाहिलं, ते झाकावं असं कुणाला सुचलं नाही. झाकायचा होता तो इलाज.

तर जानराव लंगडले. दर महिन्याच्या एका सोमवारी तपासणीला अमरावतीला जायचं, तेही गुडघ्याच्याच नावानं. कधी उजवा पाय ओढत, कधी विसरून डावा. तीस वर्षांच्या संसारात बायकोचं इतकं त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं.

मग वामनरावांचा नवस आला. म्हातारे वामनराव म्हणजे गावात शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांची बायको सत्यभामा मोठ्या दुखण्यातून उठली होती. शनिवारी दोनशे पानांची पंगत, आणि रोडग्यांना माणूस येणार अकोटहून. ते ऐकून जानरावांना जेवण गेलं नाही. विस्तव गेला तर गावात आपलं काय उरलं? वांगी तर बाजारातही मिळतात. ते तडक वामनरावांच्या अंगणात गेले.

“अकोटावरून मानूस काहून बोलावता? मी आहो न.”

“तुह्या गुडघ्यानं चार घंटे बसनं होईन का? अन् परवा तं तू उजवा पाय वढत होता. आज डावा?”

जानराव तिथंच उकिडवे बसले. उठले. पुन्हा बसले.

“गुडघ्याले काही झालं नाही. दारू सोडाले गेलो होतो. सव्वा वर्ष झालं, थेंब घेतला नाही. विस्तव मले द्या. फक्त माही सोय करू नका. थर्मासभर चहा ठेवा.”

वीस वर्षांपूर्वी, जानरावांच्या पहिल्या पंगतीत, पोत्याखाली पव्वा सरकवणारा हात वामनरावांचाच होता.

“पह्यला पव्वा मीच देल्ला होता तुले,” ते म्हणाले. “शनिवारी सकाळी ये. पन ध्यानात ठेव, या खेपेले बिघडलं तं पुन्हा कोनी विस्तवापाशी उभं करनार नाही.”

घरी हे कळल्यावर गोदाबाई भांडल्या आणि मग दोन दिवस बोलल्याच नाहीत. आचलनं मात्र फोनवर निकाल लावला: “आई, बाबा बरे झाले म्हणून जो मला नाकारेल, तो मलाच नको.”

शनिवारी जानराव दोन्ही पायांवर सरळ चालत देवळाकडे गेले. गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. येणारा-जाणारा विस्तव पाहायचं निमित्त करून त्यांचे हात पाहत होता. हात स्थिर होते. ज्वाळा बसल्या, तळहात वर धरून त्यांनी वाट पाहिली, आणखी थोडी पाहिली, मग एकेक रोडगा पुरला. चार तास ते हलले नाहीत. पोत्याखाली काही नव्हतं.

बायकांच्या पंगतीत शकुनबाईनं रोडगा फोडला आणि खाण्याआधी आत निरखून पाहिलं. शिजून मऊसूत, पदर सुटे झालेले, वाफ येत होती. ती समोर बसलेल्या गोदाबाईंना म्हणाली, “बरा झाला वाटते त्याइचा गुडघा.”

गोदाबाईंनी विस्तवाकडे पाहिलं. जानराव राखेनं माखलेले, घामानं भिजलेले, चहाचा घोट घेत होते. आपल्या माणसाचा इतका अभिमान त्यांना लग्नातही वाटला नव्हता.

“गुडघ्याले काही झालंच नव्हतं,” त्या म्हणाल्या, पुरुषांच्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात. “दारूच्या इलाजाले गेले होते अमरावतीले. तीन महिने. खोटं मी सांगतलं होतं.”

मग सत्यभामाबाई तुपाचं भांडं घेऊन आल्या आणि गोदाबाईंच्या रोडग्यावर तुपाची धार धरली, नको म्हणेपर्यंत.

पंगत उठल्यावर शकुनबाई भांड्यांपाशी आली. देवळामागं गोपाल झिंगून पडला होता, तिकडं न बघता तिनं हळूच विचारलं, “तिथचा पत्ता देता का वो?”

“पत्ता काय करतं?” गोदाबाई म्हणाल्या. “सोमवारी सकाळच्या एसटीनं आमच्यासंग चाल, त्याले घेऊन. अन् कोनी इचारलं कुठी चालले, तं गुडघा सांगू नको.”