काचेतला पाय

"पाय काढा जरा. लोकांना दिसू दे."

मार्गासनीचं मंगल कार्यालय. समोर दोन-तीनशे मानसं. मी स्टेजवर, लाल खुर्चीत, गळ्यात हार. माईक मॅडमच्या हातात. मॅडम पुन्याच्या एका संस्थेच्या सचिव. जवानांसाठी, माजी सैनिकांसाठी काम करनारी संस्था. मला नवा नकली पाय देनार व्हती. नवा बसवायचा तर जुना उतरवाय पायजे, आन् त्यो समद्यांच्या म्होरं उतरवाय पायजे. कारन फोटूवाल्याला आदीचा बी फोटू पायजे व्हता आन् नंतरचा बी.

म्या कुनाम्होरं पाय काढत न्हाई. घरात सुदिक दार लोटून घेतो. पोरगी लगीन होऊन सासरी गेली, पन बापाचा उगडा खुंट तिनं एकदा बी बगितला न्हाई. लाज न्हाई ती. ज्येचं त्येला ठावं असतं, काय झाकायचं.

म्या पयल्या रांगेत सुभेदार आबांकडं बगितलं. आबा मार्गासनीचेच. माज्याच पलटनीतले, माज्याहून लई वरचे. रिटायर झाले तरी आबा दिसले की माजी पाठ आपोआप ताट व्हती. त्येंनीच संस्थेला माजं नाव दिलं व्हतं. ब्लेझरवर पदकं लावून बसले व्हते. त्येंनी मान हालवली. काढ.

आन् म्या काढला. च्यामायला, काढला! चौदा वर्सं हुकूम ऐकलेला मानूस. डोक्यात इचार यायच्या आदी हात पट्ट्याकडं गेला. पँट दुमडली, पट्टा सोडला, पाय वडून बाजूला ठेवला. खुंटावर पांडरा मोजा व्हता.

"मोजा पण," फोटूवाला म्हनला.

मोजा बी काढला. टाळ्या वाजल्या.

बायकांच्या बाजूला माजी कारभारीन बसली व्हती. तिनं पदर तोंडावर वडला. माज्या जिवाचं पानी पानी झालं. असं वाटलं, एका पायावर उडी मारून खाली जावं आन् तिला घेऊन निगावं. पन न्हाई गेलो. बसून राहिलो, हसरं तोंड करून. मॅडम माईकवर सांगत व्हत्या, देशासाठी ह्यांनी काय दिलं ते आपण आज डोळ्यांनी बघतोय.

उजवा पाय सरहद्दीवर सुरुंगात गेला. गुडग्याखाली. डॉक्टरनं गुडगा वाचवला, आन् त्येवड्यावर मी आजपर्यंत मानसात राहिलो. आमची वाडी हिर्डोशीच्या वर डोंगरात. एसटीतनं उतरलं की तासभर चढ. गुडगा हाय म्हनून चढतो. गुडगा हाय म्हनून खाचरात चिखलात उभा राहून भात लावतो. गुडगा गेला तर वरचं मानूस वरच. खाली यायचं ते दुसऱ्याच्या पाठीवर.

जुना पाय लष्कराच्या दवाखान्यात केलेला. तिथल्या कारागिरानं तीन येळा प्लास्टरचा साचा घेतला. हितं दाबलं की दुकतं का, तितं दुकतं का, इचारून इचारून. खुंट ज्या वाटीत बसतो ती वाटी ज्येची त्येचीच लागती. एकाची दुसऱ्याला चालत न्हाई. म्हनून त्यो पाय माजा व्हता. टाचेची रबर झिजली तवा म्या टेम्पोच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला व्हता. दिसायला गबाळा. पन एक दिस टोचला न्हाई.

आन् संस्थेनं माप कसं घेतलं म्हाईत हाय? फोनवर. एका पोरीचा फोन आला, "काका, चपलेचा नंबर काय तुमचा?" म्हनलं, नऊ. मला वाटलं बूट देत्यात. कारभारनीला म्हनलं बी, बरं झालं, चिखलात घालायला हुतील. आन् स्टेजवर खोकं उगडलं तर त्यात नऊ नंबरचा पाय! आरं, पंज्याला नंबर असतोय, वाटीला कुठला नंबर? कुना दुसऱ्याच्या खुंटावर बेतलेली वाटी व्हती ती. परदेसातनं आलाय म्हनले. गोरा गोरा, गुळगुळीत, नखं सुदिक कोरलेली.

बसवला. हितं आवळ, तितं सैल. "चाला," मॅडम म्हनल्या. चार पावलं टाकली. दात आवळून टाकली. परत टाळ्या. एका पोरानं फळीवर कागद धरला, हितं सही करा. केली. आन् बगतो तर माजा जुना पाय त्येनं भगव्या कापडात गुंडाळून गाडीकडं न्ह्येला व्हता. म्या म्हनलं, "आबा, माजा पाय?"

"असू दे रं. नवा मिळाला न्हवं? तोंड बंद ठेव."

तोंड बंद ठेवलं.

वाडीवर पोचेस्तोवर मोज्यात रगात व्हतं. कारभारनीनं कोमट पानी आनलं. चार दिसांनी बरं वाटलं तसा परत घातला. लावनीचे दिस. घालनार न्हाई तर करनार काय? दुसरा पाय हाय कुठं घरात? मॅडमला फोन केला. त्या म्हनल्या, "काका, सवय होईल. जरा पॉझिटिव्ह राहा." म्या ऱ्हायलो. खुंट काळा-निळा झाला. मग वास यायला लागला. वास आदी कारभारनीला आला. ती आंतरून बाहेर पडवीत घालाय लागली, मोकळं वारं लागावं म्हनून. मला कळलं.

भोरच्या डॉक्टरनं पट्टी सोडली, जखम दाबून बगितली. मग म्हनला, "जखम भरेपर्यंत कुठलाच पाय घालायचा नाही. भरली की तुमचा जुना घाला. हा नवा परत घातलात तर गुडघा काढावा लागेल. मी लिहून देतो."

लिहून दिलं त्येनं. त्यो कागद खिशात घालून, कुबड्या घेऊन, मी आन् कारभारीन पाय मागायला निगालो.

संस्थेचा फोन कुनी उचलत न्हवतं. जुन्या वस्तू मांडलेलं त्येंचं दालन वेल्ह्याच्या रस्त्याला हाय, गडाच्या पायथ्याला, तितं गेलो. बाहेर जुनी तोफ रंगवून ठेवलेली. आत काचेच्या पेट्या. तलवारी, ढाली, जुने हेल्मेट, पत्रं, फोटू. आबा दारातच खुर्ची टाकून बसलेले, संस्थेनं त्येंना माजी सैनिकांचा प्रतिनिधी केलाय. मला बगून उटले.

आत शाळेची पोरं आली व्हती. रांगेनं एका पेटीम्होरं हात जोडून उभी. गुरुजी म्हनले, "डोळे मिटा." पोरांनी डोळे मिटले. म्या पोरांच्या डोक्यावरनं बगितलं.

माजा पाय.

काचेत उभा केलेला. खालनं लाल लाईट. वर झेंडूचा हार. टाचेला माजाच ट्यूबचा तुकडा. आन् खाली पितळी पाटीवर: शहीद जवानाचा कृत्रिम पाय.

नाव न्हाई, गाव न्हाई. नुसतं शहीद.

कारभारनीला लिवता-वाचता येतं, चौथी शिकलीया. तिनं पाटी वाचली. तिचा हात गळ्यात गेला, मंगळसूत्राचे मनी मुठीत धरले. "आवं," ती बारीक आवाजात म्हनली, "ह्येंनी तुमाला मारलंय." सुरुंगाच्या दिसाची तार आली तवा बी तिनं असे मनी धरले न्हवते, असं तिनंच मला नंतर सांगितलं. त्या पोरांनी डोळे उगडले आन् जाताना एकेकानं काचेला हात लावून कपाळाला लावला. मी तितंच उभा, कुबड्यांवर. एका बी पोरानं माज्याकडं बगितलं न्हाई.

मॅडम आतनं आल्या. म्या कागद दावला, पाय मागितला. त्या गोड बोलल्या. त्या कायम गोडच बोलत्यात.

"काका, भावना समजून घ्या. जखमी जवान लिहिलं की लोक पुढे जातात. शहीद लिहिलं की थांबतात. शेवटी हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय ना?"

"मॅडम, मी जिता हाय."

"हो, ते चांगलंच आहे की. पण पाय तुम्ही दान केलाय. सही आहे तुमची."

ज्या कागदावर नवा पाय मिळाल्याची सही केली, त्यातच खाली बारीक अक्षरात ह्ये बी व्हतं म्हनं. म्या न वाचता केली. स्टेजवर, एका पायावर, हार गळ्यात, कोन वाचतंय?

म्या म्हनलं, "माजा गुडगा जाईल मॅडम."

त्या आबांकडं बगाय लागल्या. आबा जवळ आले. माज्या खांद्यावर हात ठिवला, आन् पलटनीत बोलायचे त्या आवाजात म्हनले, "तमाशा करू नको. घरी जा. हुकूम समज."

डोक्यात तिडीक गेली. किती वर्सं त्या आवाजावर उटलो, बसलो, जेवलो. त्याच आवाजावर भरल्या मांडवात उगडा झालो. कवा म्हनलो न्हाई, का. बाहेरच्यांनी मला न्हाई उगडं केलं, मानेच्या एका इशाऱ्यावर म्या सोताच सोताला केलं. ह्ये मला तवा, त्या लाल लाईटम्होरं, लख्ख कळलं. आन् कळल्यावर माज्या अंगातनं काय तरी उतरलं. भीती असंल, नायतर आदब.

"आबा," म्या म्हनलं, "शहीद झालेल्या मानसाला हुकूम लागू व्हत न्हाई."

त्येंचा हात खांद्यावरनं खाली आला.

पेटीवर नुसतं काचेचं झाकन व्हतं. कारभारनीनं एका बाजूनं धरलं, म्या एका बाजूनं. हार काडून तितंच ठिवला. एक कुबडी कारभारनीच्या हातात दिली, पाय काखंत मारला. पोरं बगत व्हती, आता माज्याकडंच बगत व्हती. एका पोरानं गुरुजींना इचारलं, "गुरुजी, शहीद हेच का?" गुरुजींनी त्येला बाहेर न्ह्येलं.

मॅडम पाठीमागनं म्हनल्या, "काका, चोरीची तक्रार द्यावी लागेल मला." आवाज तसाच गोड.

त्याला आता दोन महिने झाले. जखम भरत आलीया. पुरती न्हाई.

दोनदा पांडरी गाडी येऊन गेली, हिर्डोशीच्या खाली, जितं डांबर संपतं तितं. कुनी उतरत न्हाई. काच वर. घटकाभर थांबती, वाडीकडं तोंड करून, आन् वळून जाती. सरपंच म्हनले, "फौजी, कशाला अंगावर घेताय? मोठी मानसं हायती." एक फोन आला, नंबर कुनाचा ठावं न्हाई. त्यो मानूस तब्येत इचारत व्हता. मग म्हनला, "पेन्शनीचे कागद नीट आहेत ना सगळे? मधेच काही निघायला नको." आन् ठिवून दिला. कारभारीन आता कुत्रं भुकलं तरी दारात येऊन उभी ऱ्हाती. आबांनी फोन करायचं सोडलं. पलटनीतल्या बाकीच्यांनी बी सोडलं. मला म्हाईत हाय, कायतरी शिजतंय. भ्या वाटत न्हाई असं म्या म्हननार न्हाई. वाटतं.

पन चार दिसांमागं मोबाईलवर पत्रिका आली. येत्या रईवारी वेल्ह्यात सोहळा. तीन जवानांना पाय देनार. तिगांचे फोटू. तिगं बी तरनी पोरं, एकाची तर मिशी सुदिक धड न्हाई.

नंबर मिळवले. पयल्याला फोन लावला, त्येनं समदं ऐकलं आन् म्हनला, "दादा, मी न्हाई जात." दुसऱ्यानं मदीच तोडलं, "मॅडम म्हनल्या व्हत्या तुमचा फोन यील. तुमच्या डोक्यावर परिनाम झालाय म्हनं." म्या म्हनलं, आसंल बाबा, पन तू आदी दवाखान्यात जाऊन ती वाटी दाव आन् मग घाल. त्येनं फोन ठिवला. पन ऐकलंय त्येनं. रातच्याला इचार करंल.

तिसरा गुंजवन्याचा. त्येचा फोन बंद हाय. तीन दिस झाले, बंदच.

म्हनून आज मी निगालोय. डॉक्टर म्हनला अजून आठवडा पाय घालू नका. आठवड्यानं रईवार होऊन गेलेला आसंल. कारभारनीनं खुंटाला मऊ कापड गुंडाळलं, वरनं मोजा चढवला, म्या माजा जुना पाय बसवला, आन् ती म्हनली, "मी बी येते." म्हनलं, न्हाई, तू दार धर. तिनं मान हालवली न्हाई, पन दारात बसली.

भोरला एसटी, मग नसरापूर, मग मार्गासनी. तितनं गुंजवन्याला टेम्पो मिळाला तर मिळाला, न्हाईतर चालत. तक्रार करायची आसंल तर खुशाल करा. मी कुठं हाय ते लपवत न्हाई. मी गुंजवन्यात त्या पोराच्या उंबऱ्यावर आसनार हाय. त्येला येकच इचारनार हाय: तुज्या खुंटाचा साचा कुनी घेतला का? न्हाई म्हनला तर रईवार सरंपर्यंत त्यो उंबरा सोडनार न्हाई. त्येला न्यायला गाडी यील. येऊ दे.