उकळी आणि टोल

शाळेच्या शिपायाला सगळे घंटामामा म्हणत आणि मामांना त्याचा केवढा अभिमान! सव्वीस वर्षं ते टोल देत होते. शाळा माझ्या हातावर चालते, असं ते नव्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी ऐकवत. मामांचा हात कशावर चालतो, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

यंदा तिसरीत शिंप्याची लेक आली. पोरगी स्वमग्न. बोलणं मोजकं, पण तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ. अडचण एकच होती. अकराच्या मधल्या सुट्टीचा टोल पडला की ती कानांवर हात ठेवून बाकाखाली शिरायची, ती अर्धा तास बाहेर यायची नाही. मोठ्या बाईंनी महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात वर्गात रुळली तर ठीक, नाहीतर तिनं घरीच शिकावं.

तिसरीच्या बाईंनी मामांना आवाज कमी करायला सांगितलं. मामांच्या अगदी जिवावर आलं, तरी त्यांनी हातोडीला जुना पायमोजा बांधला. मग घंटा वरच्या मजल्यावर ऐकूच गेली नाही आणि गणिताचे सर मुलांची सुट्टी खाऊन शिकवत राहिले. तिसरीचा वर्ग मात्र घंटेला लागून होता. तिथं तो दबका टोलही पोचला आणि पोरगी पुन्हा बाकाखाली.

मुदतीला एक दिवस उरला होता. मामा कुरकुरत्या गुडघ्यांनी बाकाशेजारी बसले आणि काय झालं म्हणून विचारलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"अजून चार मिनिटं होती."

मामांचा चेहराच उतरला. खरी गोष्ट अशी, की ते घड्याळ बघतच नसत. स्टोव्हवर चहाला उकळी आली की सुट्टीचा टोल आणि कप रिकामा झाला की सुट्टी संपल्याचा. शिक्षक बिचारे आपलंच घड्याळ मागं पडलं असं समजत. सव्वीस वर्षांची चोरी एवढ्याशा पोरीनं पकडली होती. आपल्या चहापायी लेकरू घरी बसणार, याची मामांना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई तिसरीत मागच्या बाकावर येऊन बसल्या. शिंपी दाराबाहेर उभा. मामांनी सवयीनं चहा ठेवला होता आणि अकराला दोन मिनिटं असतानाच उकळी आली. उजवा हात आपोआप हातोडीकडे गेला, तो मामांनी डाव्या हातानं धरून ठेवला. चहा उतू गेला. स्टोव्ह विझला. मामांची नजर खिडकीतून दिसणाऱ्या वर्गातल्या घड्याळावरून हलली नाही. मोठा काटा बारावर आला तेव्हा त्यांनी पायमोजा काढलेल्या हातोडीनं बेतानं टोल दिला, ना दबका, ना कानठळ्या बसवणारा.

पोरीनं कान दाबले, पण ती बाकावरच राहिली. मग वही मिटली, पट्टी दप्तरात ठेवली आणि खिडकीतून मामांकडे पाहिलं.

"बरोबर," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी शिंप्याला आत बोलावलं आणि मुदतीचं विसरून जा म्हणून सांगितलं. मामा स्टोव्ह पुसायला गेले, ते पुसतच राहिले. सव्वीस वर्षांत त्यांचं काम पहिल्यांदाच कुणीतरी तपासलं होतं आणि ते पासही झाले होते.