बाई आणि चिमा-१

१७ जून २००४, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. ही वेळ मी अंदाजाने लिहिलेली नाही. बाईंच्या हाताखाली तीन वर्षे काढलेल्या कोणालाही तसे लिहिता येत नाही. आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत वहीत आधी तारीख, मग तास आणि मिनिट, आणि त्यानंतरच काय केले ते लिहायचे असा दंडक होता. ‘बहुतेक’ हा शब्द चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून यायचा. “आकडा अंदाजाने लिहिला की तो तुमचा असतो, पेशींचा नसतो,” असे बाई म्हणत. त्या सकाळी माझ्या हातात एक तपासणीचा कागद पडला. बाईंनी गेल्या आठ वर्षांत मोजलेला जवळजवळ प्रत्येक आकडा भलत्याच पेशींचा आहे, असा त्याचा अर्थ होता.

त्यांना ‘मॅडम’ म्हटलेले चालत नसे. त्या पिंपळवंडीच्या, आई तिथल्याच शाळेत शिक्षिका, म्हणून ‘बाई’ हा शब्द त्यांना पदवीपेक्षा मोठा वाटे. मुलाखतीत मी जवळच्याच आळे गावाची आहे हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “फाट्यावरची की गावातली?” मी गावातली असे सांगितले. “मग ठीक. फाट्यावरची माणसे पहिल्या गाडीने निघून जातात,” असे म्हणून त्यांनी मला घेतले. मनातून मी फाट्यावरचीच होते. मला तीन वर्षांत पीएच.डी. करून परदेशी जायचे होते, आणि बाईंच्या शिफारसपत्राची किंमत मला नेमकी ठाऊक होती.

ती किंमत चिमाबाईंमुळे आलेली होती. १९९३ मध्ये आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरातल्या एका वाडीतून त्यांना पुण्याला उपचारासाठी आणले होते. आयुष्यभर मशेरी लावलेल्या हिरडीवर गाठ आली होती. शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बाईंनी मागून घेतला. त्यातल्या पेशी बाटलीत वाढू लागल्या. अशा अखंड वाढत राहणाऱ्या पेशींना सेल लाइन म्हणतात. बाईंनी हिला ‘चिमा-१’ असे नाव दिले. गाठीतल्या सगळ्याच पेशी सारख्या नसतात, काही थोड्या मूळपेशींसारख्या वागतात, औषधाने बाकीच्या मेल्या तरी तग धरतात आणि गाठ पुन्हा उभी करतात, हे बाईंचे म्हणणे. इतर फारसे कोणी ते मानत नव्हते तेव्हा त्यांनी ते चिमा-१ वर दाखवून दिले, आणि परदेशातून त्या पेशींना मागणी येऊ लागली.

चिमाबाई मात्र शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांत वारल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांचा विशीतला मुलगा धोंडू रडत बसला होता. बाईंनी त्याला सांगितले, “ती पूर्ण गेलेली नाही. तिचे थोडे माझ्याकडे आहे, आणि ते वाढते आहे.” अंदाजाने एक आकडाही न लिहिणारी ही बाई सांत्वनासाठी एवढे एक वाक्य बोलून गेली. धोंडूने ते जसेच्या तसे घरी नेले.

दर दिवाळीनंतर तो नव्या तांदळाची पिशवी घेऊन प्रयोगशाळेत येई. बाई हातातले काम थांबवून त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवत. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो बराच वेळ डोळा लावून होता. मग म्हणाला, “लई गर्दी झाली की, बाई.” बाई म्हणाल्या की फार वेगाने वाढतात. “घरी व्हती तवा बी एका जागी बसत नव्हती,” तो हसला. “मला वळखती का ती?” बाई म्हणाल्या, “तिला डोळे नाहीत रे आता.” त्यावर त्याने मान हलवली आणि पुन्हा भिंगात पाहिले. मला हे सगळे अशास्त्रीय वाटले होते, आणि तसे मी त्यांना नंतर सांगितलेही. बाई म्हणाल्या, “गाठ त्याच्या आईची होती. एवढा हक्क त्याला आहे.”

२००४ च्या उन्हाळ्यात एका परदेशी नियतकालिकाने आमचा लेख छापण्यापूर्वी चिमा-१ ची डीएनए-ओळख मागितली. काम माझ्याकडे आले. चिमाबाईंच्या गाठीचा एक तुकडा मेणात जपलेला होता. त्याची ओळख एकीकडे आणि बाटलीतल्या पेशींची दुसरीकडे, अशी मी तुलना केली. दोन्ही जुळल्या नाहीत. बाटलीतल्या पेशी जगभर वापरल्या जाणाऱ्या, एका परदेशी बाईच्या गाठीतून निघालेल्या जुन्या सेल लाइनच्या होत्या. ती तणासारखी माजते. तिचा एक थेंब चुकून दुसऱ्या बाटलीत पडला तरी काही आठवड्यांत मूळच्या पेशी संपून जातात.

बाईंनी कागद दोनदा वाचला आणि १९९६ च्या वह्या काढायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना जागा सापडली. एकाच दुपारी, एकाच टेबलावर, द्रावणाची एकच बाटली वापरून दोन्ही प्रकारच्या पेशी हाताळल्याची ती नोंद होती, वेळेसकट, त्यांच्याच अक्षरात. तीन आठवड्यांनंतरच्या पानावर पेशींचा वेग एकदम दुपटीहून अधिक झाल्याचे लिहिले होते, आणि समासात शेरा होता : ‘चिमाबाईंना पुण्याची हवा मानवली.’ बाईंनी ते पान माझ्याकडे सरकवले. “इथे मी मोजायचे सोडून खूश झाले,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना दोन मार्ग सुचवले. चाचणी दुसरीकडून पुन्हा करून घ्यावी. आणि तोपर्यंत, म्हणजे माझा प्रबंध सादर होईपर्यंत, वाच्यता करू नये. पहिला मार्ग त्यांनी लगेच मान्य केला. दुसऱ्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “मग तुझी पदवी कोणाच्या पेशींची?” दुसऱ्या प्रयोगशाळेचा निकाल तोच आला. १९९६ नंतरचे सगळे शोधनिबंध त्यांनी मागे घेतले, पेशी नेलेल्या प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतः पत्र लिहिले. संस्थेतल्या सहकाऱ्यांनी त्यांच्या टेबलावर चहाला बसणे बंद केले. माझी तीन वर्षे त्या पत्रांबरोबर गेली. मी दोन आठवडे त्यांच्याशी कामापलीकडे बोलले नाही, आणि ते त्यांना दिसत होते.

सप्टेंबरात त्यांनी मला गाडीत बसवले. मंचर, घोडेगाव, डिंभे, आणि पुढे रस्ता संपल्यावर पायी. धोंडू खाचरातून आला होता, पायाचा चिखल धूत होता. आत जाऊन बसा, असे तो म्हणाला. बाई बसल्या नाहीत. “धोंडू, आठ वर्षे मी तुला दुसऱ्याच बाईच्या पेशी दाखवल्या. तुझ्या आईच्या त्या नव्हत्या. चूक माझ्या हातची आहे.”

तो पाय धूतच राहिला. बोलली ती त्याची बायको. पितृपक्षात घरात सासऱ्यांच्या नावाचे पान वाढले जाई, सासूबाईंच्या नावाचे कधीच नाही, असे तिने सांगितले. “मी म्हनायची, आवो, म्हाळाला त्यांचं बी पान वाढा. तर ह्ये म्हनायचे, आई पुन्याला जिती हाय, जित्या मानसाचं पान कावळ्याला घालत्यात व्हय? अकरा वर्सं म्हातारी उपाशी ठिवली तुमी.” शेवटचे वाक्य नवऱ्याला होते की बाईंना, ते मला कळले नाही. बाईंनी ते स्वतःकडे घेतले.

मग धोंडूने विचारले, “आई गेली कवा, बाई? दवाखान्यातली तारीख हाय आमच्याकडं. ती खरी न्हाई, आसं तुमी म्हनला व्हता. मंग खरी कंची?”

बाईंनी त्याला सांगितले की १९९३ मध्ये गोठवून ठेवलेली एक कुपी अजून उघडलेली नाही. तिच्यातल्या पेशी त्याच्या आईच्याच आहेत. ती उघडून बघावी लागेल, आणि एकदा उघडली की परत बंद करता येणार नाही. जगल्या आणि वाढल्या तर आई आहे. नाही तर नाही.

“उघडा,” धोंडू म्हणाला. “पर सर्वपित्रीच्या आदी सांगा. औंदा मला पान घिऊन उंबऱ्यावर उभं ऱ्हाऊन इचार करायचा न्हाई.”

कुपी उघडल्यावर पहिल्या थेंबावरून तिची ओळख पटवली. ती खरोखर चिमाबाईंची होती. अकरा वर्षांपूर्वी गोठवण्याची आमची पद्धत कच्ची होती. वितळवल्यानंतर बहुतांश पेशी फुटलेल्या निघाल्या. डिशच्या तळाला चिकटलेल्या जिवंत पेशी बाईंनी पहिल्या दिवशी मोजल्या त्या एकसष्ट. त्यांनी मला मोजू दिले नाही. द्रावण बदलून पाहिले, तापमान अर्ध्या अंशाने कमी केले, १९९३ च्या वहीतली जुनी कृती पुन्हा केली. चौथ्या दिवशी तेवीस होत्या. सहाव्या दिवशी नऊ. त्यातली एकही विभागली नव्हती. त्या दिवसांत बाई जेवायला उठत नसत. मी डबा उघडून शेजारी ठेवत असे आणि संध्याकाळी तसाच झाकत असे.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सकाळी त्या सूक्ष्मदर्शकापासून उठल्या आणि वाडीखालच्या गावातल्या दुकानात फोन लावला. “धोंडूला निरोप द्या. म्हणावे, आई गेली. उद्या पान वाढ,” एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी भिंगात पाहिले. एक पेशी होती. गोल, कडा शाबूत, आतला गाभा स्वच्छ. मी म्हटले, “बाई, ही जिवंत आहे.”

“आहे,” त्या म्हणाल्या. “वाढणार नाही. एका पेशीपायी मी त्याला आणखी एक वर्ष उंबऱ्यावर उभा करू?”

पुढच्या वर्षी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पिंपळवंडीला राहायला गेल्या. मी नवा विषय घेऊन प्रबंध उशिरा पूर्ण केला. आज माझ्या प्रयोगशाळेत कोणतीही बाटली ओळख पटवल्याशिवाय वापरली जात नाही, आणि त्याबद्दल विद्यार्थी मला मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे. बाईंना भेटायला मी एकदाही गेले नाही. नोकरी लागली की जाईन असे ठरवले होते. २००८ च्या हिवाळ्यात त्या गेल्याचे आळ्याहून वडिलांनी फोनवर कळवले.

त्यांची शेवटची वही माझ्याकडे आहे. फोन ठेवल्यानंतर त्यांनी तिच्यात एक नोंद केली. पुढच्या दिवसासाठी खाली रेघही आखली, पण त्यानंतर काही लिहिले नाही. नोंद अशी आहे :

१२ ऑक्टोबर २००४, सकाळी सात वाजून पंचवीस मिनिटे. चिमा-१, मूळ कुपी. जिवंत पेशी : १.