जपून वापरा

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी मोबाइलच्या गेममध्ये टंचाई पाडते. खेळणारा एका ओसाड बेटावर उघडाबोडका येऊन पडतो. त्याने लाकूड तोडायचं, दगड फोडायचा, झोपडी बांधायची आणि थंडीवाऱ्यात तगून राहायचं. त्याला लोखंड कधी सापडावं, किती सापडावं, त्याची कुऱ्हाड किती झाडांनंतर बोथट व्हावी, हे मी ठरवते. लोखंड फार दिलं तर तो दोन दिवसांत सगळी हत्यारं मिळवून कंटाळतो. कमी दिलं तर वैतागून गेम काढून टाकतो. या दोन्हींमधली बारीक वाट शोधत मी तुळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, अकरा वर्षं बसले आहे. एक दिवसाआड पाणी येतं तेव्हा उठून पिंपं भरते आणि परत बसते. टंचाईचा काही अनुभव आहे का, असं मला मुलाखतीत विचारलं होतं. मी कुठे राहते ते सांगितलं, तेवढ्यावर भागलं.

मागच्या वर्षीचा गेम काही केल्या जमेना. खेळून बघायला बसवलेली माणसं तिसऱ्या दिवशी सोडून जात होती. आमच्या टीमची प्रमुख माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिची रोज फोनवर एकच रड, "ताई, लोक दगडी कुऱ्हाडीवरच अटकलेत यार. लोखंड वाढव ना." मी लोखंड वाढवलं. तरी तेच. आणखी वाढवलं. तरी तेच. एक आकडा हलवला की दुसरीकडे भोक पडायचं, ते बुजवलं की तिसरीकडे. मला त्या आकड्यांचा मनापासून कंटाळा आला होता. शेवटी एकेकाचा खेळ पहिल्यापासून बघत बसले, तेव्हा कळलं की लोखंडी कुऱ्हाड सगळ्यांनीच बनवली होती. बनवून झोपडीतल्या पेटीत ठेवली होती. झाडं मात्र दगडाच्या कुऱ्हाडीनेच तोडत होते, चाळीस-चाळीस घाव घालून. एक जण तर लोकरीचा कोट पेटीत ठेवून बाहेर थंडीने मेला. त्याला कारण विचारलं तर म्हणाला, "पुढे आणखी थंडी लागेल असं वाटलं."

टीममधले सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मी असल्याच माणसांच्या घरात वाढले आहे.

माझं माहेर वसईजवळच्या होळी गावचं. घरामागे पप्पांची वाडी, थोडी केळी, थोडी भाजी, विहीर. आमच्याकडे नवी वस्तू आली की ती आधी शोकेसमध्ये जाते. चिनी मातीचे कप नाताळला खाली उतरतात, नाहीतर फादर घरी आले तर. माझ्या लग्नात आलेली रजई अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. पप्पांची नवी कुदळ माळ्यावर आणि हातात तारेने दांडा आवळलेली जुनी. विचारलं तर म्हणत, "चांगली हाय, म्हनून ठेवलीय." या उत्तरापुढे कोणाचंही काही चालत नाही.

आई बोलणारी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती वाडीत मिरच्या खुडणाऱ्या पप्पांशी दिवसभर बोलायची. कोणाच्या केळीला घड धरला, कोणाची सून चर्चमध्ये मिस्सेला उशिरा आली, आमटीत मीठ जास्त पडलं आणि त्यालाही पप्पाच कसे जबाबदार. पप्पा तिकडून "हां" म्हणायचे. पन्नास वर्षं त्यांचा संसार त्या एका "हां"वर सुखाने चालला. मग तो "हां" चुकीच्या ठिकाणी पडायला लागला. आई विचारायची, "चहा ठेवू की सरबत करू?" आणि पप्पा म्हणायचे, "हां."

मी त्यांना वसईला नेऊन कान तपासून घेतले आणि कानाचं मशीन घेतलं. त्याच्या बॅटऱ्या शर्टाच्या बटणाहून लहान. प्रत्येकीच्या पाठीवर नारिंगी कागद चिकटवलेला असतो. तो सोलला की आत हवा जाते आणि बॅटरी जिवंत होते. मग वापरा नाहीतर ठेवून द्या, थोड्याच दिवसांत ती संपते. मशीन चालू आहे का बघायचं तर मुठीत धरायचं, चालू असलं तर ते बारीक शिट्टी मारतं. दुकानदाराने हे सगळं पप्पांसमोरच समजावून सांगितलं. पप्पांना अर्थातच त्यातलं काही ऐकू आलं नाही. मग त्याने मशीन त्यांच्या कानात बसवलं, आणि मी त्यांच्याकडे वाकून म्हणाले, "पप्पा, बॅटऱ्या सहाच आहेत. इकडे लगेच मिळत नाहीत. जपून वापरा."

कितीतरी दिवसांनी पप्पांनी स्वच्छ ऐकलेलं पहिलं वाक्य ते.

त्या दिवशी घरी पोचल्यावर आईने नेहमीच्या सवयीने ओरडून काहीतरी विचारलं. पप्पा म्हणाले, "अगो, एवढी बोंबलते कशाला?" आई अशी लाजली की बघत राहावं. दुपारभर ती हळू आवाजात बोलत होती आणि पप्पा नीट उत्तरं देत होते. दुसऱ्या दिवशी मशीन डबीत घालून शोकेसमध्ये गेलं, कपांच्या शेजारी. ते काढायचं रविवारच्या मिस्सेला, नाताळला आणि पाहुणे आले तर.

"पप्पा, रोज लावा ना," मी फोनवरून ओरडून ओरडून दमले. मग प्रत्यक्ष गेले तेव्हा लिहून दाखवलं.

"रोज कोन पाहुना येतोय?"

"आईशी बोलायला लावा."

"तिचं काय, ती रोजचीच हाय," पप्पा म्हणाले. आई तिथेच उभी होती.

मी चिडले, दोन-चार वेळा भांडले, मग सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं? माझ्यामागे लोखंडाचे आकडे होते. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी जायचे तेव्हा घर शांत असायचं. आईने हाताच्या खुणा सुरू केल्या होत्या. बोटं तोंडाकडे नेली की जेवायला या. बोट गोल फिरवलं की विहिरीचा पंप बंद करा. पप्पा लगेच उठायचे, सगळं बिनबोभाट चालायचं. मला ते सोयीचं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते. मी तिथे लॅपटॉप उघडून बसायचे आणि माझं काम चांगलं व्हायचं.

गेमचं कोडं सुटलं ते फार साध्या गोष्टीने. खेळणाऱ्याला पहिलं लोखंड सापडलं की पडद्यावर एक ओळ यायची, "लोखंड दुर्मिळ आहे. जपून वापरा." ती ओळ मीच कधीतरी पाच मिनिटांत लिहून टाकली होती. ती मी काढली. शिवाय पेटीत पडून राहिलेल्या हत्याराला गंज चढेल असं केलं. आठवड्याभरात लोकांनी कुऱ्हाडी बाहेर काढल्या, कोट अंगात घातले आणि चौथ्या, पाचव्या दिवशीही खेळत राहिले. "ताई, चालला गेम!" प्रमुख फोनवर ओरडत होती. मी मात्र त्या काढून टाकलेल्या ओळीकडे बघत बसले होते. हे शब्द मी आणखी कोणाला सांगितले, ते मला आठवलं होतं.

शनिवारी मी होळीला गेले आणि शोकेसमधली डबी उघडली. सहापैकी पाच बॅटऱ्यांचे नारिंगी कागद सोलून परत चिकटवलेले होते, वरून चिकटपट्टी लावून, अगदी निगुतीने. पप्पा रविवारी कागद काढायचे, मिस्सा संपवून घरी आले की परत लावायचे. बॅटरी वाचली, असं त्यांना वाटायचं. पाचही मेलेल्या होत्या, सहावी अजून कोरीच होती. म्हणजे कित्येक रविवार ते कानात बंद मशीन घालून चर्चमध्ये बसले होते.

मी कागदावर लिहिलं, "सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, नवीन फादर हलू बोलतात."

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोष कोणाला देणार? जपायला मीच सांगितलं होतं, आणि ते तर जन्मभर जपतच आले होते. पुढच्या शनिवारी मी बॅटऱ्यांचा अख्खा खोका घेऊन गेले. मशीनमध्ये नवी बॅटरी घातली, ते त्यांच्या कानात बसवलं आणि म्हणाले, "पप्पा, कागद काढला की वापरा, न वापरा, ती संपतेच. आता जपायचं नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत लावायचं." पप्पा खोक्याकडे बघत मान हलवून हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिस्सेहून आल्यावर आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. आई वालपापडी निवडत होती. पप्पांनी मशीन काढलं नव्हतं. खुर्ची आईकडे वळवून ते ताठ बसले होते, पाहुण्यांसमोर बसतात तसे. शेंगा मोडल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने आईने बोट गोल फिरवलं. पप्पा उठून पंप बंद करून आले आणि परत तसेच बसले. अर्धा तास गेला असेल. मग त्यांनी कानातलं मशीन काढलं, त्यावर फुंकर मारली आणि माझ्या हातात दिलं.

"बघ जरा. बॅटरी गेली वाटते. कायच आयकू येत नाय."

मी मशीन मुठीत धरलं. त्याने शिट्टी मारली.

मी ते परत त्यांच्या कानात बसवलं आणि आईकडे वळले. "आई, त्यांच्याशी बोल ना काहीतरी."

"काय बोलू?" तिने विचारलं. ती चिडली नव्हती, खरंच विचारत होती. तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "सवय गेली, बाय."

पप्पांना ते स्वच्छ ऐकू आलं. या वेळी त्यांनी "हां" म्हटलं नाही.