बसला गोल करणारी मुलगी

शिष्यवृत्तीच्या वर्गाला मी बुद्धिमत्ता चाचणी शिकवायचे आणि उत्तरसूचीवर माझी देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. शाळा हर्णेजवळची, मुलं बहुतेक मासेमारी करणाऱ्या घरांतली.

एकदा प्रश्न होता, गटात न बसणारा शब्द ओळखा: होडी, बैलगाडी, टेम्पो, बस. उत्तर सरळ होतं, होडी. ती पाण्यात चालते. पाचवीतल्या एका मुलीने बसला गोल केला. वहीच्या मागच्या पानांवर सतत चित्रं काढणारी ती. "डोकं कुठे ठेवून आलीस?" मी सगळ्यांसमोर म्हटलं. ती काहीतरी सांगणार होती, पण मला पुढचे प्रश्न उरकायचे होते. शिष्यवृत्तीच्या यादीतून मी तिचं नावच काढून टाकलं.

महिनाभराने हर्णे बंदरावर संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला गेले, तर तिची आई भेटली. मला सुरमई निवडून देताना म्हणाली, "बाई, पोरगी हल्ली गप झालीय. कायपन इचारलं तर म्हनते, आई, तुला काय उत्तर पायजे ते सांग. आदी अशी नव्हती हो."

समोर होड्या पाण्यातच थांबल्या होत्या. बैलगाड्या समुद्रात शिरून होड्यांतली मासळी काठावर आणत होत्या. काठावर टेम्पो उभे होते. आणि मी हातात सुरमई घेऊन रिक्षा शोधत होते, कारण मासळी बघितली की बसचा कंडक्टर चढू देत नाही. इतकी वर्षं मी हे बघत होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा! त्या पोरीने चार शब्दांतून अख्खं बंदर उभं केलं होतं आणि मी त्याला चूक म्हटलं होतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी यादीत तिचं नाव परत लिहिलं. तोच प्रश्न फळ्यावर घातला आणि तिला विचारलं.

"होडी," ती पटकन म्हणाली. मग हळूच, "हेच पायजे ना, बाई?"

मी म्हटलं, "नाही गं. तुझं आधीचं उत्तर बरोबर होतं, मी चुकले. बस का, ते तू सगळ्यांना सांग."

ती जमिनीकडे बघत बोलू लागली. बोलता बोलता मान वर आली आणि बैलांना पाणी कुठवर येतं ते दाखवायला तिने हात पोटाशी धरला.