घरघंटी ॲक्सलच्या पुढे

सदर इसमाचे नाव चारुदत्त मनोहर सबनीस. वय सत्तेचाळीस. बांधा मध्यम, वर्ण मध्यम, चष्मा आहे. मूळ गाव पुणे, हल्ली मुक्काम शारजा. व्हिसावरील हुद्दा स्टोअरकीपर. व्हिझिटिंग कार्डावरील हुद्दा लॉजिस्टिक्स मॅनेजर. प्रत्यक्ष हुद्दा, एप्रिल २००९ अखेर, काही नाही. विशेष प्रावीण्य: मोटारीमागे कॅराव्हॅन जोडून लांबचा प्रवास कसा करावा, याविषयी विनामूल्य सल्ला. ओळखीची खूण: बोलता बोलता उजव्या हाताने हवेत ॲक्सल काढतो. जंगम मालमत्ता: एक कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी सदैव सज्ज.

कॅराव्हॅन त्याने २००७ साली घेतली. तो काळच तसा होता. दुबईत जो तो काहीतरी घेत होता; न बांधलेल्या इमारतीतले न दिसणारे फ्लॅटसुद्धा लोक घेत होते, तेव्हा डोळ्यांना दिसणारी वस्तू घेणारा चारुदत्त त्या मानाने विरक्तच म्हणायचा. ऑफिसातला एक डच इंजिनिअर मायदेशी परत चालला होता, त्याच्याकडून त्याने ती घेतली. मृणालिनीने, म्हणजे बायकोने, दिरहॅमचा आकडा ऐकला, लगेच रुपयांत केला आणि खाली बसली. पुढे जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा तिने तो हिशेब त्या दिवसाच्या भावाने नव्याने केला. रुपया घसरत होता, त्यामुळे एका जागी उभी असलेली ती गाडी वर्षागणिक महाग होत गेली.

एका जागी, म्हणजे शारजाच्या औद्योगिक भागात, खैरुद्दीन पठाणाच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत. तिथे चारुदत्त दर शुक्रवारी जाई, टायरची हवा बघे, मागचे दिवे लावून बघे आणि घरी येई. वाचन मात्र त्याने कसून केलं. जड सामान ॲक्सलच्या, म्हणजे चाकांमधल्या दांड्याच्या, थोडं पुढे. मागे कधीच नाही, गाडी डोलते. दोन्ही गाड्या जोडणाऱ्या साखळ्या अडकवायच्या त्या फुलीसारख्या, एकमेकींवरून. टायर तपासायचे ते गार असताना. घाट उतरताना ब्रेकवर उभं राहायचं नाही, गिअर खाली आणायचा. आणि मागची गाडी शेपटासारखी डोलायला लागली तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग हिसकायचं नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, हात सरळ ठेवायचे आणि वेग आपोआप मरू द्यायचा. गणपतीच्या आरतीनंतर, कुणाच्या डोहाळजेवणात, एकदा तर एका अंत्यसंस्काराहून परतताना त्याने हे सांगितलं होतं. ज्यांच्याकडे कॅराव्हॅन नव्हती अशा कितीतरी कुटुंबांना ती ओढायची कशी हे आता पाठ होतं.

"मग निघायचं कधी?" असं कुणी विचारलं की चारुदत्त म्हणे, "हवा जरा थंड होऊ दे." शारजाच्या मराठी मंडळींत न होणाऱ्या गोष्टीला ‘सबनीसांची सहल’ म्हणायची पद्धत पडली. चारुदत्तच्या कानावर ते आलं होतं. तोही हसला होता.

मग मंदीचं ते साल आलं. क्रेन उभ्या राहिल्या त्या उभ्याच राहिल्या. जानेवारीत चारुदत्तच्या कंपनीने अर्धे लोक काढले आणि एप्रिलमध्ये उरलेल्या अर्ध्यांना बोलावून पहिल्या अर्ध्यांची आठवण काढली. फ्लॅट कंपनीचा होता, तो महिनाअखेर सोडायचा होता. फुजैराला तेलाच्या टाक्यांच्या टर्मिनलवर एक नोकरी मिळाली. पगार कमी आणि राहायची सोय एकट्यापुरती, चौघांच्या खोलीत एक खाट.

"मग तू खाटेवर राहा," मृणालिनी म्हणाली. "मी आणि मैथिली पुण्याला. तिची दहावी झालीये, अकरावी तिथे करेल. तिकिटं बघून ठेवलीयेत मी."

"किती दिवस?"

"ते तुझ्या टाक्यांना विचार."

चारुदत्तला ठाऊक होतं की असे ‘काही दिवसांसाठी’ गेलेले संसार परत येत नाहीत. बाप वर्षातून एकदा पाहुण्यासारखा जातो, मुलीला कपडे लहान आणतो. त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "आपण कॅराव्हॅन नेऊ. फुजैराला आपला बापू आहे, त्याचं आवार मोकळं आहे. तिथे उभी करू. तिघं राहू तिच्यात, फ्लॅट मिळेपर्यंत."

मैथिली मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "डॅड, दॅट थिंग हॅज नेव्हर मूव्ह्ड."

मृणालिनी मात्र हसली नाही. "ठीक आहे," ती म्हणाली. "तुझी सहल एकदा निघू दे. संसारासकट फुजैराला पोचलो तर राहू. नाही पोचलो तर रविवारचं विमान. मग हवा, टायर काही ऐकून घेणार नाही मी."

गुरुवारी सामान गॅरेजवर आणलं. चारुदत्तने कॅराव्हॅनच्या जमिनीवर बरोबर ॲक्सलच्या वर खडूने रेघ मारली आणि जाहीर केलं, जड ते सगळं रेघेच्या पुढे. सगळ्यांत जड होती घरघंटी. ती मृणालिनीने पुण्याहून कंटेनरमधून आणवली होती. गव्हाचं पीठ दुकानातलं आणि भाजणी पाकिटातली ही कल्पनाच तिला सहन होत नसे. खैरुद्दीनच्या दोन माणसांनी घरघंटी पुढच्या बाकापाशी, देव्हाऱ्याच्या खोक्याशेजारी बसवली. चारुदत्तने पट्ट्याने आवळली. मग तो आणि खैरुद्दीन त्याच्या पजेरो मोटारीच्या मागे आडवे झाले, कारण कॅराव्हॅनचा डावा दिवा लागत नव्हता. तो लावता लावता संध्याकाळ झाली.

"साहब," खैरुद्दीन कपड्याला हात पुसत म्हणाला, "ये चलेगी, या मैं दुआ करूँ?"

"दोनो करो," चारुदत्त म्हणाला.

शुक्रवारी सकाळी निघाले. शुक्रवार एवढ्यासाठी की डोंगरातून खडी आणणारे ट्रक त्या दिवशी कमी असतात. शारजा मागे पडलं, धैद आलं आणि गेलं. चारुदत्त इतका जपून चालवत होता की मागे रांग लागली होती आणि हॉर्न ऐकू येत होते. पण चालवत होता. आरशात त्याची कॅराव्हॅन त्याच्या मागे येत होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला मागून दिसत नव्हती, समोरून दिसत होती. मृणालिनीने डब्यातून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. धीर येऊन त्याने वेग जरा वाढवला.

कमी असलेल्या ट्रकांपैकी एक तेवढ्यात शेजारून सूं करून गेला.

आधी आरशातलं चित्र डावीकडे सरकलं, मग उजवीकडे. मग पजेरोच्याच पाठीला कुणीतरी धरून गदगदा हलवायला लागलं. "डॅड! डॅड, ब्रेक!" मैथिली किंचाळली. मृणालिनीच्या हातातल्या पुऱ्या काचेवर आपटल्या. चारुदत्तचा उजवा पाय ब्रेककडे निघाला होता. तो अर्ध्यात थांबला. आरत्यांनंतर, डोहाळजेवणांत, स्मशानाच्या वाटेवर ज्या एका वाक्याने त्याने माणसांना पिडलं होतं, ते आता तो स्वतःला मोठ्याने सांगत होता: "पाय काढ, हात सरळ, वेग मरू दे. पाय काढ, हात सरळ…" डोलणं वाढलं, तसंच राहिलं, मग कमी झालं. वेग मेला. गाडी कडेच्या वाळूत टेकली.

चारुदत्तचे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

"खलास," तो म्हणाला. "इथून परत जाऊ. तू म्हणत होतीस तेच बरोबर. तुम्ही पुण्याला जा. मला नाही जमत हे. मी नुसता बोलतो."

हे त्याने आयुष्यात प्रथमच कबूल केलं होतं, आणि एरवी मृणालिनीने ते जपून ठेवलं असतं. पण ती म्हणाली, "आधी बघ तरी काय झालं ते."

त्याने कॅराव्हॅनचं दार उघडलं. पुढच्या बाकापाशी पट्टा नुसताच पडला होता. घरघंटी पार मागे, टोकाला, ओट्याशेजारी उभी होती. तिच्या भोवती तांदळाचा डबा, गव्हाचं पोतं, तेलाचे डबे. जड तितकं सगळं मागे.

"ही मागे कुणी नेली?"

"मी. तुम्ही दोघं दिव्याखाली लोळत होतात ना, तेव्हा खैरुद्दीनच्या माणसांकडून सरकवून घेतली."

"का?"

"का म्हणजे? ओटा मागे आहे. दळणाचं मशीन काय देवापाशी ठेवू? पीठ उडतं. आणि दळायचं असलं की रोज घरभर पाट्या वाहू?"

"आणि रेघ? मी रेघ मारली होती!"

"ती रेघ होती? मला वाटलं घाण आहे. फरशी पुसून घेतली मी."

चारुदत्तने तोंड उघडलं. गेल्या दोन वर्षांचं सगळं वाचन घशाशी आलं होतं. तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. उंबरठ्याच्या आत, पुसलेल्या जमिनीवर, बर दुबईला देवळापाशी मिळतात ते लक्ष्मीच्या पावलांचे स्टिकर चिकटवले होते. पावलं आत येणारी होती. फडताळात मसाल्याचे डबे पितळी डब्यापासून चिमुकल्या हिंगाच्या डबीपर्यंत उतरत्या रांगेने लावले होते, आणि खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं होतं.

रविवारच्या विमानाने जायचं ठरवलेली बाई हिंगाची डबी रांगेत लावत नाही. एवढं कळायला वाचन लागत नव्हतं.

"मृणाल," तो म्हणाला, "तू हे सगळं गुरुवारीच…"

"सरकव ती घरघंटी," ती म्हणाली. "बघत काय बसलास? मैथिली, चादर आण."

चादरीवर घरघंटी आडवी करून तिघांनी ती ओढत पुढे नेली. मैथिली एकीकडे ढकलत होती आणि दुसरीकडे "धिस इज सो एम्बॅरसिंग" म्हणत होती, कारण एक ट्रकवाला वेग कमी करून बघत होता. पोतं पुढे आलं, तेल पुढे आलं. चारुदत्तने पट्टे आवळले. मृणालिनीने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि पुसलेल्या रेघेच्या जागी बोटाने तांबडी रेघ ओढली. "ही नाही पुसणार मी," ती म्हणाली. "यल्ला, चला."

मसाफीच्या बाजारात लोक गालिचे आणि आंबे घेत उभे होते. चारुदत्तने तिकडे बघितलंही नाही. पुढचा उतार त्याने खालच्या गिअरमध्ये, घामाने निथळत, अख्ख्या रस्त्याच्या शिव्या खात उतरला. कॅराव्हॅन गरीब गाईसारखी मागे आली.

बापूचं आवार फुजैराच्या बंदरामागे होतं. बापू सातारचा, गोदीतल्या कामगारांना जेवण पुरवायचा त्याचा धंदा. लुंगी सावरत तो फाटकात आला आणि दोन्ही हात जोडून उभा राहिला. "अहो वहिनी, सबनीस साहेबांची सहल निघाली म्हणायची! मला वाटलं क्रेन थांबल्या म्हणून जगबुडी आली, आता खात्री पटली."

"बापू, चहा टाका आधी," मृणालिनी म्हणाली.

रिव्हर्स घेणं हा सल्ल्यातला सर्वांत लांब भाग होता. चारुदत्तने स्टिअरिंगला खालून हात धरला, नियमाप्रमाणे, आणि कॅराव्हॅन नियमाने बापूच्या पाण्याच्या टाकीकडे निघाली. तिसऱ्या खेपेनंतर बापूने स्वयंपाकघरातून चार आचारी बोलावले. त्यांनी ती सोडवली आणि हातांनी ढकलत कोपऱ्यात नेली.

रविवारचं विमान दोन जागा रिकाम्या घेऊन गेलं की भरून, कुणी चौकशी केली नाही. मैथिली फुजैरातच अकरावीला गेली आणि मैत्रिणींना सांगताना राहण्याची जागा ‘टेम्पररी’ म्हणत राहिली. घरघंटी रेघेच्या पुढे, देवापाशीच राहिली. रोज देवावर पीठ बसे आणि रोज मृणालिनी ते पुसताना चारुदत्तला चार शब्द सुनावी. दोन उन्हाळे काढल्यावर त्यांना दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला.

चारुदत्त सल्ला अजून देतो. आता अमिरातीत बऱ्याच मराठी मंडळींकडे कॅराव्हॅन आल्या आहेत आणि फोन येतात. तो सगळं तसंच सांगतो, साखळ्या, टायर, गिअर. फक्त सुरुवात बदलली आहे. "सामान लावायच्या आधी," तो म्हणतो, "घरात विचारा की ओटा कुठे समजायचा."

त्याची स्वतःची कॅराव्हॅन बापूच्या आवारातच आहे. बापू तिच्यात कांदे ठेवतो. चाकं त्याने केव्हाच काढून पाण्याच्या गाड्याला लावली.